पाठमोरा नावाडी

आमच्या घराण्यात बी. ए. झालेला मी पहिला. तेही गणित घेऊन. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात माझं गणित एकदाच कामाला आलं आणि तेही चुकीच्या जागी.

माझे वडील बडोद्यात सरकारी होडीवर नावाडी होते. सूरसागर तळ्यात दरबारच्या दोन-तीन विलायती धाटणीच्या होड्या असत. त्यांच्यासाठी रत्नागिरीकडच्या खाडीवरून चार नावाडी आणवले होते, त्यांतले ते एक. बाकीचे तिघे कंटाळून परत गेले. "तळ्याला भरती नाही, ओहोटी नाही, हे कसलं पाणी," असं म्हणत. वडील राहिले. महाराजांनी शिक्षण सक्तीचं केलं होतं म्हणून मी शाळेत बसलो, नाहीतर माझ्याही हातात वल्हंच आलं असतं. यात मला कमीपणा वाटत नाही. वल्हं मारणाऱ्याच्या मुलाने त्रिकोणमिती शिकावी हे मला आजही मोठं वाटतं.

मी अकरा वर्षांचा असताना श्रावणात विश्वामित्रीला पूर आला. नदीकाठच्या वस्तीतली माणसं छपरांवर चढून बसली. सूरसागरातली एक होडी बैलगाडीवर घालून नदीकडे नेली आणि वडिलांना तिच्यावर बसवलं. त्यांनी तीन खेपा केल्या. चौथ्या खेपेला गेले ते आले नाहीत. दोन दिवसांनी होडी खूप खाली, एका गावच्या वेशीजवळ बाभळीत अडकलेली सापडली. एक वल्हं होडीतच होतं. माणूस नव्हता.

आई तेव्हा काठावर उभी होती. मी नव्हतो. मी घरी पाटीपुस्तकं माळ्यावर चढवत होतो. पाणी आमच्या घरापर्यंत आलंच नाही.

आईने कुंकू पुसलं नाही. समजूत घालायला आलेल्या बायकांना ती एवढंच म्हणाली, "होडी मिळाली, माणूस मिळाला नाही. मेलेलं माणूस पाणी ठेवून घेत नाही, वर आणून टाकतं. मी खाडीवरची आहे, मला सांगू नका." ती वटपौर्णिमेचा उपास करायची. शेजारणींची पंचाईत व्हायची. हळदीकुंकवाला बोलवावं तर कसं, न बोलवावं तर कसं. पहिली दोन-तीन वर्षं बोलावलं. मग त्यांच्या पोरी आमच्या दारावरून निरोप न देताच पुढे जायला लागल्या. आई दारात बसून तांदूळ निवडत असायची आणि मान वर करायची नाही.

माझं वेगळंच चाललं होतं. मला वडिलांचा चेहरा आठवेना. लहानपणी ते मला कधी कधी होडीतून फिरवत. मी आपला पुढच्या टोकाला, नाकाडीवर बसलेला. मागे वळून पाहिलं की त्यांची पाठ दिसायची. घामाने अंगाला चिकटलेली बंडी, मानेखालचं हाड, दर हिसक्याला आवळणारे खांदे. ती पाठ मला पाठ होती. मांडवीच्या गर्दीत, स्टेशनावर, तशी पाठ दिसली की मी तिच्यामागे जायचो. पुढे जाऊन वळून बघायचो. दुसराच कुणीतरी असायचा. कॉलेजात असतानाही हे सुटलं नाही. एकदा पाणीगेटापासून थेट वाघोडियाच्या रस्त्याला लागेपर्यंत एका माणसामागे चालत गेलो. शेवटी त्यानेच थांबून विचारलं, "शुं काम छे, भाई?" मी म्हटलं, काही नाही. परीक्षेचा पेपर होता त्या दिवशी. उशिरा पोचलो.

पुढे मी शाळेत मास्तर झालो. वर्ष-दोन वर्षांनी शहरातल्या शाळांनी आपापली यांत्रिक कामं एका प्रदर्शनात मांडायची असं ठरलं. हेडमास्तर म्हणाले, "तुम्ही गणिताचे. काहीतरी हलतं करा." मी लगेच होडी म्हणालो. विचार करून म्हणालो नाही, तोंडातून आलं.

होडी दोन हात लांब. सांगाडा सागाचा, त्यावर सागाच्याच बारीक पट्ट्या. पोटात भिंतीवरच्या एका मोडक्या घड्याळाची कमान, किल्लीने आवळायची स्प्रिंग. कमान सुटली की दातेरी चक्रं फिरायची, चक्रांनी एक वाकडा दांडा फिरायचा आणि दांड्याने दोन्ही वल्ही पाण्यात बुडायची, मागे ओढली जायची, वर उचलली जायची, पुढे यायची. मध्ये फळीवर वीतभर उंचीचा लाकडी नावाडी. त्याला कमरेत बिजागरी, खांद्यात खिळे. त्याचे पंजे वेगळे कोरून वल्ह्यांच्या मुठींवर सरसाने चिकटवलेले, आणि मनगटं तारेच्या आकड्यांनी त्या पंज्यांत अडकवलेली. बघणाऱ्याला वाटावं नावाडी वल्ही मारतो आहे. खरं म्हणजे वल्हीच त्याला हलवत होती.

सुतारकाम पाणीगेटजवळच्या एका मिस्त्रीने केलं. म्हातारा, एका डोळ्याने अधू, पण पटाशी अशी चालवायचा की लाकूड आपणहून बाजूला होतंय असं वाटे. नावाड्यासाठी त्याने फिकट, हलकं लाकूड काढलं.

"कसलं आहे?" मी विचारलं.

"खाखरो."

मला आपला पापडासारखा खाखरा आठवला. "खायचा?"

"खावानो नहीं, मास्तरसाहेब, झाडनो," तो हसून म्हणाला. "पाणीमां सडे नहीं. कूवामां नाखे छे, वरसो रहे."

विहिरीत घालतात, पाण्यात कुजत नाही, एवढं कळलं. पुरे झालं. झाडांची गुजराती नावं मला येत नव्हती आणि कधी विचारावीशी वाटली नाहीत. बी. ए. झालेल्या माणसाला झाडाचं नाव काय करायचं.

मिस्त्रीने चेहऱ्याचं विचारलं तेव्हा मी म्हटलं, चेहरा नको. होडी लोकांसमोरून लांब जाणार, पाठ दिसेल. पाठ नीट कर. आणि पाठ कशी हवी ते मी त्याला सांगत बसलो. मानेखालचं हाड, उजवा खांदा किंचित खाली. दोन दिवस मी त्याच्या दुकानात त्याच्या डोक्यावर उभा होतो. शेवटी तो वैतागून म्हणाला, "साहेब, आटली पाठ तो मारी बैरीए पण मारी नथी जोई." त्याच्या बायकोनेसुद्धा त्याची पाठ इतकी पाहिली नव्हती म्हणे.

नावाडी मी नाकाडीकडे तोंड करून बसवला. जिकडे जायचं तिकडे तोंड, आणि बघणाऱ्याकडे पाठ. पहिली चाचणी मिस्त्रीच्या दुकानामागच्या टाक्यात घेतली. कमान दिली, होडी सोडली. वल्ही उचलली गेली, बुडाली, नावाडी मागे रेलला आणि होडी उलटी, आमच्याकडे यायला लागली.

"आ तो पाछी आवी, साहेब," मिस्त्री म्हणाला. "ए जवा नथी मागतो."

त्याला जायचं नाही. मी हसलो नाही. कागद काढला, आकृती मांडली. ओढलं की होडी पाठीच्या दिशेने जाते, हे मला दोन मिनिटांत कळलं. उपायही सापडला. मध्ये एक दातेरी चक्र जास्त घातलं की दांडा उलटा फिरेल. घातलं. आता नावाडी वल्ही ओढण्याऐवजी ढकलायला लागला आणि होडी पुढे गेली. मला फार आनंद झाला. नावाड्यालाही फिरवून बसवावं हे त्या दोन मिनिटांत माझ्या डोक्यातही आलं नाही.

त्याच आठवड्यात कोकणातून काकांचं पत्र आलं. गेल्या श्रावणात बारा वर्षं पुरी झाली. ज्याचा देह सापडला नाही, त्याची बारा वर्षं वाट पाहायची आणि मग पळसाचा पुतळा करून, नारळाचं डोकं लावून, तोच देह समजून जाळायचा. हे करून टाका, असं पत्रात होतं. घरातला माणूस ना इकडे ना तिकडे असा किती दिवस ठेवणार? खाली दुसऱ्याच शाईत लिहिलं होतं, 'वहिनींना समजावून सांगणे. तू शिकलेला आहेस.'

पत्र मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "नारळ आपण दर्याला देतो. नारळाला मी नवरा म्हणू?"

"मी तर म्हणतच नाही," मी म्हटलं. "हे सगळं थोतांड आहे."

आईने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. ते तिला आवडलं नाही हे मला दिसलं. का आवडलं नाही ते कळलं नाही. दोघंही नाही म्हणत होतो, पण एकच गोष्ट म्हणत नव्हतो. तिला वडील जिवंत हवे होते. मला ते मेले आहेत हे ठाऊक होतं, मला फक्त भटजी नको होते.

प्रदर्शनाच्या आधीच्या रविवारी होडी घरी आणली. आमच्या अंगणात गुरांना पाणी पाजायचा जुना दगडी हौद होता. सकाळी तो भरून घेतला, कमान दिली, होडी सोडली. कातड्यात बसवलेल्या वल्ह्यांचा आवाज यायला लागला. खुर्र, टक. खुर्र, टक. तेल द्यायचं राहिलं असं मनात आलं आणि वळतो तो आई दारात. पीठ मळताना उठून आली होती, हात तसेच.

"थांबव," ती म्हणाली. "हा त्यांच्या वल्ह्यांचा आवाज."

मी होडी धरली. वल्ही हवेत दोन-तीनदा हलून थांबली. आई हौदाच्या काठावर बसली आणि खूप वेळ बघत राहिली.

"हा काय करतोय?"

"वल्हवतोय."

"हा ढकलतोय. असं कोण वल्हवतं? कोठारात पेटी सरकवल्यासारखं." मग म्हणाली, "उलटा बसवलास, बाबा."

"उलटा कसा? जायचंय तिकडे तोंड आहे."

"नावाड्याचं तोंड कधी जायचंय तिकडे असतं? नावाडी पाठीकडे जातो." तिने पिठाच्या बोटाने त्या बाहुल्याच्या डोक्याला हात लावला आणि काढून घेतला. "सगळे लोक जाताना पाठ दाखवून जातात. हे तसे गेले नाहीत. माझ्याकडे तोंड करून गेले. चौथ्या खेपेला. हातात वल्ही, म्हणून मानेनंच सांगितलं, घरी जा. मी नाही गेले. लांब जाईपर्यंत तोंड दिसत होतं. मग तोंड आहे एवढं दिसत होतं. मग तेही नाही."

बारा वर्षांत तिने हे मला सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. मी नाकाडीवर बसणारा, मला पाठ मिळाली. ती काठावर उभी राहणारी, तिला तोंड मिळालं. अख्खा माणूस दोघांपैकी कुणाकडेच नव्हता.

ते जास्तीचं चक्र मी तसंच राहू दिलं आणि त्याच दिवशी नावाडी तेवढा फिरवून बसवला. खिळे काढायचे, लावायचे, अर्ध्या तासाचं काम. पुन्हा कमान दिली. आता तो ओढत होता, पाय रोवून, मागे रेलून, आणि होडी आमच्यापासून लांब जात होती आणि तो आमच्याकडे बघत होता. फक्त बघायला त्याला चेहरा नव्हता. कपाळापासून हनुवटीपर्यंत सपाट, गुळगुळीत लाकूड.

"मिस्त्रीकडून करून आणतो," मी घाईने म्हटलं. "कसा होता ते तू सांग."

आईने तोंड उघडलं आणि मिटलं. "राहू दे," ती म्हणाली. "एवढ्या लांबून असंच दिसत होतं."

आम्ही तिथे असतानाच दोन घरं सोडून राहणारे भटजी आले. काकांनी त्यांनाही पत्र घातलं होतं. भला माणूस. हौदाशी उभं राहून त्यांनी आधी होडीचं कौतुक केलं. कमानीबद्दल विचारलं. मग सहज म्हणाले, "बाहुला सुबक आहे. लाकूड कसलं?"

"मिस्त्री खाखरो म्हणाला," मी म्हटलं. "पाण्यात कुजत नाही म्हणे."

भटजींनी माझ्याकडे पाहिलं, मग हौदात पाहिलं. आवाज खाली आणून म्हणाले, "मास्तर, तुम्हांला माहीत नव्हतं? खाखरो म्हणजे पळस."

होडी हौदाच्या भिंतीला लागून तिथल्या तिथे वल्ही मारत होती. खुर्र, टक. ज्याला मी थोतांड म्हटलं होतं ते मी दोन दिवस सुताराच्या डोक्यावर उभं राहून, हाड न् हाड सांगून, करून घेतलं होतं. मला त्या बाहुल्याकडे बघवेना. माझ्या हातांना सरसाचा वास येत होता तोही नकोसा झाला.

आई उठली. आत गेली. भटजी घसा साफ करून म्हणाले, "मी काही म्हणत नाही," आणि गेले.

दुसऱ्या दिवशी पहाट फुटल्यावर आईने मला उठवलं. अंगावर धुवट लुगडं, कपाळावर रोजच्यापेक्षा मोठं कुंकू. "केलासच तू," ती म्हणाली. "मला न विचारता, तुलाही न विचारता. आता नदीवर घेऊन चल. आणि दोरी घे, लांब."

नदीला पाणी बेताचं होतं. आई जिथे उभी राहिली तिथे मी, वडील गेले ती जागा म्हणून, कधी आलो नव्हतो. तिने मला सांगितलं नाही की हीच ती जागा, पण पाय कुठे ठेवायचा हे तिला शोधावं लागलं नाही. मी होडीच्या मागच्या कडीला दोरी बांधली, दुसरं टोक आईच्या हातात दिलं, कमान पूर्ण दिली आणि होडी पाण्यावर ठेवली.

तो गेला. आमच्याकडे तोंड करून. दर हिसक्याला मागे रेलायचा, पुढे वाकायचा. पुढे वाकला की घरी जा म्हणाल्यासारखं वाटायचं. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वल्हवताना समोरून बघत होतो आणि चेहऱ्याच्या जागी काही नव्हतं, तरी मला ओळख पटत होती, हे कसं ते मी सांगू शकत नाही. आई हलली नाही. दोरी तिच्या हातातून सरकत होती. हिसके हळू झाले. एक वल्हं वर उचललं गेलं आणि तसंच राहिलं.

"थांबले," आई म्हणाली.

मग तिने दोरी ओढायला सुरुवात केली. मी हात पुढे केला तर तिने कोपराने मला बाजूला सारलं. हातावर हात टाकत, खाडीवर जाळं ओढतात तशी, घाई न करता. होडी काठाला टेकली. आईने चिखलात बसून तिच्यावर हात ठेवला.

"सापडले," ती म्हणाली.

थोड्या वेळाने तिने पदराने कपाळ पुसलं. दुसऱ्या कुणा बाईला तिने ते करू दिलं नाही.

विधी त्याच दिवशी झाला. भटजींनी पळसाच्या पानांचा आणि देठांचा पुतळा मांडला. नारळ बाजूला ठेवला आणि त्या पुतळ्यात आमचा नावाडी निजवला. फळीवरून त्याला मी सोडवला. खिळे निघाले, मनगटांच्या तारा निघाल्या, पण पंजे वल्ह्यांवरून सुटेनात. मिस्त्रीचा सरस पक्का. पटाशी लावली तर मुठीच तुटायला लागल्या.

"हात राहू देत," आई म्हणाली. "वल्ही कुणीतरी धरायला हवीत."

भटजींनी देठांचे हात केले. अग्नी मी दिला. पळस पाण्यात कुजत नाही हे खरं, पण जळतो चटकन.

प्रदर्शन तीन दिवसांनी होतं. मी मुंडण केलेलं डोकं घेऊन गेलो. हेडमास्तर रिकामी फळी बघून चरकले. म्हणाले, "अहो, दुसरा बाहुला बसवा, मिस्त्री दोन तासांत करून देईल." मी नाही म्हटलं. मी कधी वरिष्ठांना नाही म्हणत नसे.

मोठ्या टाक्यात होडी सोडली. रिकामी फळी, आणि दोन वल्ह्यांवर दोन लाकडी पंजे. बुडत होते, ओढत होते, उचलत होते, पुन्हा पुढे येत होते. आधी लोक हसले, मग मागे सरकले. एक बाई पोराला ओढून मागे घेऊन गेली. शिक्षणखात्याचे एक अधिकारी वाकून बघत होते. त्यांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं नसावं.

"नावाडी कुठे आहे तुमचा?"

"उतरला, साहेब."

ते मान हलवून पुढच्या टेबलाकडे गेले. बक्षीस दुसऱ्या एका शाळेच्या पाणचक्कीला मिळालं. चक्की चांगली होती. मी दुसऱ्या टोकाला उभा होतो, होडी माझ्याकडे येत होती. नाकाडी माझ्याकडे. मी नाकाडीवर बसायचो तसाच, पाठ दिसावी त्याच बाजूला. फळीच्या वर काही नव्हतं, पलीकडचं पाणी दिसत होतं.

घरी गेलो तेव्हा आई दारात तांदूळ निवडत होती.

"चालली?"

"चालली."

"तसाच आवाज येत होता?"

"तसाच."

तिने सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला. मग म्हणाली, "तेल देऊ नकोस."

मी दिलं नाही. अजूनही देत नाही.